पत्रास कारण की… : एका सरकारने दुसऱ्या सरकारला नोट कशी लिहावी

माझी भाची गेल्या वर्षी दिल्लीत, चाणक्यपुरीतल्या एका छोट्या देशाच्या दूतावासात सेक्रेटरी म्हणून लागली. पाचव्याच दिवशी रात्री साडेनऊला तिचा फोन. “मावशी, साहेबांनी मिनिस्ट्रीला नोट पाठवायला सांगितली. मी छानसा ईमेल लिहून दाखवला तर नुसतेच हसले. नोट म्हणजे नक्की काय गं?” मी मेथी निवडत बसले होते. जुडी बाजूला ठेवली, कारण हे पाच मिनिटांत उरकणारं नव्हतं. पुढे दोन महिने आमची ही फोनवरची शिकवणी चालली. तिला जे सांगितलं तेच इथे जरा नीट लावून लिहिते.

मी स्वतः १९८७ ते २०१६ दक्षिण मुंबईतल्या एका परदेशी वकिलातीत होते. लागले तेव्हा टायपिस्ट, निवृत्त झाले तेव्हा कॉन्सल जनरलची, म्हणजे वकिलातीच्या प्रमुखाची, सेक्रेटरी. देशाचं नाव सांगणार नाही. नोकरीत दिलेला शब्द पेन्शनबरोबर संपत नाही. साहेब दर तीन-चार वर्षांनी बदलायचे, नोटेचा साचा मात्र तोच. तो मला शिकवला वांद्र्याच्या एका ज्येष्ठ बाईंनी. ऑफिसात सगळे त्यांना आंटी म्हणत. नवा साहेब आला की तोही पहिले सहा महिने आपला मसुदा गुपचूप आंटींच्या टेबलावर ठेवून जायचा.

वकिलात हा शब्द आपल्याकडे जुना आहे, हे जाता जाता सांगते. पेशव्यांचे वकील दिल्लीच्या दरबारात असत ते कोर्टात खटले लढवायला नव्हे, तर राजदूत म्हणून. पुढे काळ्या कोटाने वकील पळवला आणि आपल्याकडे वकिलात तेवढी राहिली.

तर नोट. पूर्ण नाव ‘नोट व्हर्बाल’. शब्द फ्रेंच वळणाचा, आणि अर्थ ‘तोंडी नोंद’. कागद लेखी आणि नाव तोंडी, हे मला बरेच दिवस पचलं नव्हतं. आंटींनी समजावलं ते असं: राजदूताने समोर उभं राहून जे तोंडी सांगितलं असतं, ते त्याच्या वतीने हा कागद सांगतो. बोलतं ते दूतावास, बोलणारा माणूस नव्हे. म्हणून नोटेत ‘मी’ नसतो, ‘आम्ही’ नसतो, ‘तुम्ही’ तर नसतोच. आणि म्हणूनच खाली पूर्ण सही नसते. एवढं एक डोक्यात बसलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत, आपोआप सुचतात.

आता एक नोट पाहू. मूळ इंग्रजीत असायची, पण आकार कळावा म्हणून मराठीत उतरवते. १९९६ सालची, नावं काढून टाकलेली:

“क्र. मुंबई/राजशि/४५/९६

अमुक प्रजासत्ताकाची वाणिज्य वकिलात, मुंबई, महाराष्ट्र शासनाच्या राजशिष्टाचार विभागास सादर अभिवादन करते आणि कळविण्याचा बहुमान घेते की, अमुक प्रजासत्ताकाचे कृषिमंत्री चार सदस्यांच्या शिष्टमंडळासह दिनांक ५ एप्रिल १९९६ रोजी रात्री मुंबईत येत आहेत.

शिष्टमंडळासाठी सहार विमानतळावरील समारंभ कक्ष रात्री ११ वाजल्यापासून उपलब्ध करून द्यावा, अशी वकिलात विभागास विनंती करते. सदस्यांची नावे, पासपोर्ट क्रमांक आणि विमानाचा तपशील सोबत जोडला आहे.

या संधीचा लाभ घेऊन वकिलात विभागाप्रती आपल्या परम आदराची पुन्हा ग्वाही देते.

मुंबई, २० मार्च १९९६”

खाली गोल शिक्का, शिक्क्याशेजारी कॉन्सलची आद्याक्षरं. आणि पहिल्या पानाच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात, ज्याला पाठवायची त्याचं नाव-गाव: राजशिष्टाचार विभाग, मंत्रालय, मुंबई. ‘प्रति’, ‘विषय’, ‘महोदय’, ‘आपला विश्वासू’ यातलं काहीही नाही. सरकारी कचेरीतून आलेल्या माणसाचा हात ‘विषय’ लिहायला शिवशिवतो. लिहू नका. विषय पहिल्या वाक्यात येतोच.

भाचीचा पहिला प्रश्न अपेक्षितच होता. “मावशी, पहिलं आणि शेवटचं वाक्य प्रत्येक नोटेत तेच? मग ते वाचतं कोण?”

मी तिला विचारलं, पणजीला आलेली पत्रं पाहिलीस का कधी? ‘श्रीकृपेकरून इकडील सर्व क्षेम. पत्रास कारण की…’ आणि शेवटी ‘लोभ असावा ही विनंती’. हे कोणी वाचत नसे, डोळा थेट ‘कारण की’वर जाई. पण एकदा माझ्या मोठ्या आत्याच्या सासरहून पत्र आलं आणि त्यात ‘लोभ असावा’ नव्हतं. आजीने पत्र दोनदा उलटसुलट करून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी आजोबांना पहिल्या गाडीने साताऱ्याला धाडलं. पत्रात भांडणाचं एक अक्षर नव्हतं. नोटेतल्या पहिल्या आणि शेवटच्या वाक्याचं काम हेच. ती दोन्ही जागेवर असली की मधे कितीही कडक लिहिता येतं. त्यातलं एखादं गळलं तर पलीकडचा माणूस ते मुद्दाम गाळलं असंच धरतो, आणि वरिष्ठांकडे घेऊन जातो. म्हणून घाईत ते वाक्य कधीही आखडतं घेऊ नका.

मात्र एक खड्डा याच वाक्यांत आहे, आणि मी त्यात पडता पडता वाचले. १९९१ साली आमच्या देशाच्या एका माजी अध्यक्षांचं निधन झालं. सकाळी दहाला बातमी, बाराच्या आत सगळ्या कार्यालयांना नोट जायची होती. मी जुनी नोट समोर ठेवून धडाधड टाइप केली, वीस प्रती काढल्या, आणि आंटींनी पहिलीच प्रत उचलून माझ्यासमोर धरली. मी लिहिलं होतं की, वकिलात माजी अध्यक्षांच्या निधनाची वार्ता कळविण्याचा बहुमान घेते. सगळ्या प्रती फाडल्या. अशा वेळी ‘बहुमान’ जातो आणि ‘अत्यंत दुःखाने कळविते’ येतं. तीच गोष्ट निषेधाच्या नोटेची. अभिवादन राहतं, पण ‘निषेध करण्याचा बहुमान घेते’ असं कोणी शहाणा लिहीत नाही.

आता मधला मजकूर. इथे एकच सांगते: एका नोटेत एकच काम. समारंभ कक्ष मागताना त्याच कागदात गाडीच्या नंबरप्लेटचं रखडलेलं प्रकरण घुसडलं, तर ती नोट दोन टेबलांमध्ये लोंबकळते. ज्याच्याकडे कक्ष आहे तो नंबरप्लेटवाल्याकडे पाठवतो, तो परत पाठवतो, आणि शिष्टमंडळ येऊन उभं राहतं. दोन कामं, दोन नोटा, दोन क्रमांक.

क्रमांकाशिवाय नोट सोडू नका. समोरच्याने उत्तर लिहिताना ‘वकिलातीच्या दिनांक अमुकच्या नोट क्रमांक तमुकच्या संदर्भात’ असं लिहायचं असतं. तुमचा क्रमांक नसेल तर त्याला धरायला काठीच नाही.

तारखेत महिना अक्षरांत लिहा. वरच्या नोटेत मी ‘५ एप्रिल’ असं लिहिलं होतं, पण सोबत जोडलेली यादी प्रवास-कंपनीकडून आली होती आणि तिच्यात महिना आधी, दिवस नंतर होता. ४/५/९६. मी ती न पाहता तशीच जोडली. नोट न वाचता यादी वाचणारी माणसं प्रत्येक कार्यालयात असतात. ४ एप्रिलच्या संध्याकाळी खात्री करायला फोन केला, तर पलीकडून शांतपणे उत्तर आलं, “बाई, तुमचे पाहुणे चार मेला आहेत ना?” दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत सगळं जमवलं, पण त्यानंतर जोडपत्राचं प्रत्येक पान मी पुन्हा टाइप करून घ्यायची सवय लावली.

नावांच्या बाबतीत मात्र आळस अजिबात चालत नाही. देशाचं नाव म्हणजे त्या देशाने स्वतःला दिलेलं नाव, आपल्या वर्तमानपत्रातलं नव्हे. आपण सर्रास आयव्हरी कोस्ट म्हणतो. त्या देशाचं म्हणणं असं की नावाचं भाषांतर करू नका, आम्हाला कोत दिव्हार म्हणा. स्वाझीलँड २०१८ मध्ये एस्वातिनी झाला. टर्कीने २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांत आपलं नाव तुर्किये करून घेतलं. मॅसिडोनियाची गोष्ट तर मासलेवाईक. ग्रीसचा त्या नावाला विरोध, म्हणून १९९३ पासून संयुक्त राष्ट्रांत ‘भूतपूर्व युगोस्लाव्ह प्रजासत्ताक मॅसिडोनिया’ असं लांबलचक लिहावं लागे, आणि २०१९ मध्ये ‘उत्तर मॅसिडोनिया’वर तडजोड झाली. म्हणजे एका शब्दापायी पाव शतकाहून जास्त काळ दोन देश ताटकळले. तुमच्या नोटेत तो शब्द चुकला तर ‘टायपिंगची चूक’ म्हणून कोणी सोडणार नाही.

खात्याचं नावही तसंच. जगात बहुतेक ठिकाणी ‘मिनिस्ट्री ऑफ फॉरिन अफेअर्स’ आहे, आपल्याकडे ‘एक्स्टर्नल अफेअर्स’. अमेरिकेत ते ‘डिपार्टमेंट ऑफ स्टेट’. ब्रिटनच्या खात्याच्या नावात २०२० पासून ‘डेव्हलपमेंट’ही आलं. नवा साहेब राजधानीहून येताना जुना साचा घेऊन येतो आणि आपल्या मंत्रालयाला ‘फॉरिन अफेअर्स’ लिहून मोकळा होतो. माझ्या २९ वर्षांत हे किमान पाच साहेबांनी केलं.

आणि कोण कोणाला लिहू शकतं, हेही ठरलेलं आहे. १९६१ च्या व्हिएन्ना कराराच्या ४१ व्या कलमाप्रमाणे दूतावासाने आपलं सरकारी काम यजमान देशाच्या परराष्ट्र मंत्रालयाशी किंवा त्याच्यामार्फत करायचं असतं, नाहीतर दोन्ही बाजूंनी ठरवलेल्या खात्याशी. वाणिज्य वकिलातींसाठी १९६३ चा वेगळा करार आहे, त्यात स्थानिक अधिकाऱ्यांशी थेट बोलायची मुभा आहे. म्हणून आम्ही मुंबईत राज्य शासनाच्या मंत्रालयाला थेट लिहायचो, पण दिल्लीतल्या भाचीने थेट कृषी खात्याला नोट पाठवली असती, तर ती फिरून तिच्याच टेबलावर आली असती.

शिक्क्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण ते माझं आवडतं काम. गोल शिक्का मजकूर संपतो तिथे, शेवटच्या ओळीला किंवा तारखेला थोडा चाटून मारायचा, दूर कोऱ्या जागेत नाही. कोऱ्या जागेत मारला तर वर आणखी चार ओळी घालायला जागा उरते. हे मी शिकले आणि त्याच आठवड्यात एका प्रदर्शनात शिवकालीन पत्र पाहिलं. माथ्यावर ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’ची मुद्रा आणि मजकूर संपतो तिथे लहानसं मोर्तब: ‘मर्यादेयं विराजते’. म्हणजे इथे मर्यादा आली, याच्यापुढे लिहिलेलं आमचं नाही. पेशवाईतल्या पत्रांत तेच काम ‘लेखनसीमा’ करते. मी त्या काचेसमोर उभी राहून मनात म्हटलं, आंटी, तुमचा नियम आमच्याकडे तीनशे वर्षांचा आहे.

हाताचं म्हणाल तर: शिक्क्याच्या दांड्यावर वरच्या बाजूला नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवा, म्हणजे उलटा पडत नाही. पॅड ताजं भरलं असेल तर आधी रद्दी कागदावर दोनदा मारा. कागदाखाली मऊ काहीतरी हवं. मी जुन्या टेलिफोन डिरेक्टरीवर ठेवून मारायची. आद्याक्षरं अधिकारी शिक्क्याला लागून करतो, फक्त आद्याक्षरं, बडेजाव नको. एका तरुण व्हाइस कॉन्सलने एकदा मोठ्या हौसेने फर्राटेदार सही ठोकली होती. आंटी म्हणाल्या, “सर, नोट बोलतेय, तुम्ही नाही.” पुन्हा टाइप.

सही लागते ती प्रथमपुरुषी, म्हणजे ‘मी’ म्हणून लिहिलेल्या पत्राला. राजदूत स्वतः परराष्ट्रमंत्र्यांना लिहितो तेव्हा ‘महामहिम’ असं संबोधन येतं, ‘मला कळविण्याचा बहुमान वाटतो’ असं ‘मी’ येतं, आणि खाली पूर्ण सही. महत्त्वाचा विषय, किंवा माणसाने माणसाला लिहायचा विषय असेल तर हे. मसुदा करताना दोन्हींची खिचडी मात्र करू नका. वर ‘वकिलात अभिवादन करते’ आणि तिसऱ्या परिच्छेदात ‘आम्हाला आशा आहे’ असं झालं, की वाचणाऱ्याला कळतं की तुकडे दोन फायलींतून जोडलेत.

अशा पत्रात एकेक शब्द किती तोलावा लागतो याचं उदाहरण म्हणून २००१ चं एक पत्र मी भाचीला वाचायला लावलं. त्या वर्षी १ एप्रिलला अमेरिकेचं टेहळणी विमान आणि चीनचं लढाऊ विमान दक्षिण चिनी समुद्रावर एकमेकांवर आदळली. चिनी वैमानिक गेला, अमेरिकी विमान हैनान बेटावर उतरलं, आतले २४ जण चीनच्या ताब्यात. चीनला माफी हवी होती, अमेरिकेला ती मागायची नव्हती. ११ एप्रिलला अमेरिकी राजदूत जोसेफ प्रूहर यांनी चिनी परराष्ट्रमंत्र्यांना पत्र दिलं. त्यात ‘व्हेरी सॉरी’ दोनदा आलं: एकदा वैमानिकाच्या मृत्यूबद्दल, एकदा तोंडी परवानगीशिवाय विमान उतरल्याबद्दल. टक्कर कोणामुळे झाली, याबद्दल ‘सॉरी’ कुठेच नाही, आणि ‘अपॉलॉजी’ हा शब्द तर औषधालाही नाही. चीनने ते आपल्या लोकांना माफी म्हणून वाचून दाखवलं, अमेरिकेने आपल्या लोकांना सांगितलं की ही माफी नव्हे. माणसं घरी गेली. मराठीत याचा अनुवाद करायला बसा, म्हणजे ‘दिलगीर आहोत’, ‘खेद वाटतो’ आणि ‘क्षमा मागतो’ यांच्यातलं अंतर बोटांनी मोजता येईल.

नोटेपेक्षा हलके कागदही असतात. एद-मेम्वार म्हणजे आठवणीची चिठ्ठी. साहेब भेटायला गेला, तोंडी बोलला, आणि निघताना ‘मी काय म्हणालो ते यात आहे’ म्हणून कागद ठेवून आला. त्यावर अभिवादन नाही, सही नाही, फक्त मजकूर आणि तारीख. आणि नॉन-पेपर म्हणजे त्याहूनही बुळबुळीत प्रकार: साधा कागद, लेटरहेड नाही, क्रमांक नाही, शिक्का नाही. उद्या गरज पडली तर ‘हा आमचा नाहीच’ म्हणायची सोय. तो तयार करताना माझ्यावर एकच जबाबदारी असे, ती म्हणजे कागदावर आमचा जलचिन्हाचा छाप नाही ना, हे उजेडात धरून पाहणं. आमच्या स्टोअरमध्ये बहुतेक कागद छापाचेच, मग शिपाई खाली जाऊन फोर्टातल्या दुकानातून साधी रीम आणायचा.

आता कडक नोटा. वकिलातीत आयुष्य गेलं तरी निषेधाची नोट टाइप करायची वेळ माझ्यावर दोनदाच आली, आणि दोन्ही इथे सांगण्यासारख्या नाहीत. पण शिकायला छापील माल भरपूर आहे. भारत सरकारने चीनशी झालेला पत्रव्यवहार १९५९ पासून श्वेतपत्रिकांच्या रूपाने छापला. त्यातली पहिली नोट १७ जुलै १९५४ ची, आजच्या उत्तराखंडच्या सीमेवरच्या बाराहोतीत भारतीय सैनिक आल्याची चीनची तक्रार. पंचशील करारावर सह्या झाल्या होत्या २९ एप्रिलला, म्हणजे शाई वाळून तीन महिनेही झाले नव्हते. या नोटा ओळीने वाचल्या की पायऱ्या दिसतात. आधी ‘लक्ष वेधते’. मग ‘चिंता व्यक्त करते’. मग ‘खेद’. मग ‘तीव्र निषेध’. मग ‘परिणामांची जबाबदारी आपल्यावर राहील’. मसुदा करणाऱ्याने आपण कोणत्या पायरीवर आहोत ते आधी साहेबाला विचारावं. रागाच्या भरात एकदम वरची पायरी गाठली, तर पुढच्या महिन्यात चढायला काही उरत नाही.

त्याच पत्रव्यवहारातलं माझं सगळ्यात लाडकं प्रकरण मेंढ्यांचं. सप्टेंबर १९६५. इकडे पाकिस्तानशी युद्ध चालू, आणि चीनने भारताला निर्वाणीची नोट दिली: सिक्कीमच्या सीमेवरची लष्करी बांधकामं तीन दिवसांत हटवा, आणि तुमच्या लोकांनी पळवून नेलेल्या ८०० मेंढ्या आणि ५९ याक परत करा. युद्धाची धमकी आणि मेंढ्यांचा हिशेब एकाच कागदात. (वर सांगितलं ना, एका नोटेत एकच काम. आठशे मेंढ्या आत शिरल्या आणि सगळ्या कागदाचं गांभीर्य गेलं.) २४ सप्टेंबरला जनसंघाचे अटलबिहारी वाजपेयी दिल्लीत मेंढ्यांचा कळप घेऊन चिनी दूतावासावर मोर्चा घेऊन गेले. मेंढ्यांच्या गळ्यात पाट्या: आम्हाला खा, पण जग वाचवा. चीनने याचाही लेखी निषेध केला, म्हणे हे सरकारच्याच आशीर्वादाने झालं.

आता तुम्ही परराष्ट्र मंत्रालयात मसुदा करायला बसला आहात असं समजा. नागरिकांची बाजू सोडायची नाही, मोर्चाची जबाबदारी घ्यायची नाही, आणि हसू तर आलेलं आहे. भारताने उत्तर दिलं त्याचा आशय असा: दिल्लीच्या काही नागरिकांनी सुमारे ८०० मेंढ्यांची मिरवणूक काढली, सरकारचा तिच्याशी काही संबंध नाही, क्षुल्लक आणि रचलेल्या कारणांवरून युद्धाची धमकी दिल्याबद्दल लोकांनी उत्स्फूर्तपणे, शांततेने आणि खेळकरपणे व्यक्त केलेली ती नाराजी होती. पाहा, एकही शब्द चढलेला नाही. ‘खेळकर’ हे एकच विशेषण सगळं काम करून जातं, आणि त्याच्यावर आक्षेप तरी काय घेणार? मी हे भाचीला फोनवर वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, “मावशी, हे तर टोमणे मारणं झालं.” झालंच. पण अभिवादनाच्या चौकटीतलं.

नोटांची देवाणघेवाण करून करारही होतात, आणि त्यात टायपिस्टची परीक्षा असते. एक सरकार प्रस्तावाची नोट पाठवतं. दुसरं उत्तर देताना ‘आपली नोट मिळाली, तिचा मजकूर असा’ म्हणून ती पूर्ण, जशीच्या तशी, स्वल्पविरामासह पुन्हा लिहितं आणि शेवटी ‘हे आम्हाला मान्य आहे’ असं जोडतं. दोन्ही कागद मिळून करार. १९५४ च्या तिबेटविषयक करारासोबतही (वर आलेला पंचशील करार तो हाच) अशीच नोटांची देवाणघेवाण झाली होती. तिबेटमधल्या यातुंग आणि ग्यान्त्सेतल्या भारतीय लष्करी तुकड्या सहा महिन्यांत काढून घेणं, १२ विश्रामगृहं चीनकडे सोपवणं, हे सगळं त्या नोटांत आहे. उत्तर टाइप करताना मूळ नोटेतली भाषेची चूकही सुधारायची नाही. चूक दिसली तर आधी फोन करून त्यांच्याकडून दुरुस्त नोट मागवायची. आम्ही दोघी बसायचो, एकीने मोठ्याने वाचायचं, ‘स्वल्पविराम’, ‘पूर्णविराम’ असं म्हणत, आणि दुसरीने बोट ठेवून तपासायचं.

दोन देशांच्या करारांच्या प्रतींत आणखी एक गंमत असते: प्रत्येक देशाकडे राहणाऱ्या प्रतीत त्या देशाचं नाव आधी येतं आणि सहीही आधीच्या जागी. म्हणजे दोन प्रती एकसारख्या दिसल्या तरी एकसारख्या नसतात. झेरॉक्स काढून चालत नाही.

भाषेचं म्हणाल तर प्रत्येक देशाला आपल्या भाषेत नोट लिहायचा अधिकार आहेच. पण उत्तर लवकर हवं असेल तर सोबत अनुवाद जोडा आणि त्याच्या माथ्यावर ‘अनधिकृत अनुवाद’ असं स्पष्ट लिहा. शिक्का मूळ नोटेवर, अनुवादावर नाही. अनुवादावर शिक्का पडला की उद्या दोन्हींत फरक निघाला तर दोन्ही तुमच्याच.

शेवटी पाठवणं. ईमेलने आगाऊ प्रत पाठवायची पद्धत आता रुळली आहे, पण शिक्क्याचा कागद जातोच. पाकिटावर नोटेचा क्रमांक. जावक रजिस्टरमध्ये नोंद. शिपायाच्या हातात पाकीट, दुसरी प्रत आणि प्यून बुक. दुसऱ्या प्रतीवर तिकडच्या आवक विभागाचा शिक्का, तारीख आणि शक्य असेल तर वेळ घेऊन यायची. शिपायाला हे ठणकावून सांगावं लागतं, कारण खिडकीपलीकडचा माणूस “ठेवून जा” म्हणतो आणि शिपाई चहाला निघून जातो. आमचा एक जुना शिपाई मात्र पोच मिळेपर्यंत खिडकीसमोरच्या बाकावर डबा उघडून बसायचा. त्याच्या नोटा कधी हरवल्या नाहीत.

पोचेची प्रत वर्षाच्या फायलीत क्रमांकाने लावा, विषयाने नाही. विषय प्रत्येकाला वेगळा आठवतो. आणि दर शुक्रवारी उत्तर न आलेल्या क्रमांकांची यादी काढा. तीन आठवडे झाले की आठवणीची नोट, त्यात पहिल्या नोटेचा क्रमांक आणि तारीख, आणि वर-खाली तीच दोन वाक्यं, एक अक्षर कमी न करता.